तुम्ही विचारलंत म्हणून: खनिज लोखंडाचं, मग चुंबक का धरत नाही?

गोव्यातल्या डिचोली-सांगेकडच्या मंडळींचा हा ठरलेला प्रश्न. ट्रकमधून सांडलेला खनिजाचा खडा घरच्या चुंबकाला लावला, तर तो ढिम्म हलत नाही. त्यात निम्म्याहून जास्त लोखंड आहे असं सगळेच सांगतात, मग ते लोखंड गेलं कुठे?

ते आहे तिथेच आहे. आपल्याकडचं खनिज बहुतांशी हेमटाइट, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचं संयुग. शुद्ध असेल तर शंभर ग्रॅममध्ये सत्तर ग्रॅम लोखंड. त्यातला प्रत्येक लोहअणू स्वतः चांगला तगडा चुंबक असतो, कारण त्याच्याकडे पाच एकटे (जोडीदार नसलेले) इलेक्ट्रॉन असतात आणि पाचांची फिरकी, म्हणजे स्पिन, एकाच दिशेची. घोटाळा शेजाऱ्यांमुळे होतो. एका थरातले अणू जिकडे तोंड करतात त्याच्या बरोबर उलट पुढच्या थरातले करतात, आणि ही सक्ती त्यांच्यामधल्या ऑक्सिजनमार्फत येते. दोरीखेचीत दोन्ही संघ सारख्याच जोराने ओढत असावेत, तशी अवस्था. फक्त दोन्ही संघ किंचित एकाच अंगाला कललेले आहेत, अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी. बाहेर दिसतं ते एवढ्या कलापुरतं चुंबकत्व: किलोमागे सुमारे ०.४ अँपिअर-चौरस मीटर. हेच मॅग्नेटाइटचं (लोखंडाचंच दुसरं ऑक्साइड, चुंबक धरणारं) ९२ आणि निव्वळ लोखंडाचं २१८. हा कल का येतो याचं कारण सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ झ्यालोशिन्स्की यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दिलं.

स्वतः तपासायचं असेल तर खडा घेऊ नका, भुकटी घ्या. ती कागदावर पसरा आणि कागदाखालून निओडिमियम चुंबक (छोटा पण जोरदार प्रकार) फिरवा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, नाहीतर चिकटलेली धूळ जन्मात सुटत नाही. थोडे कण उभे राहिले तर दचकू नका. आपलं हेमटाइट बरंचसं जुन्या मॅग्नेटाइटचं ऑक्सिडीकरण होऊन बनलेलं आहे, त्यामुळे मधूनमधून मूळ मॅग्नेटाइट शिल्लक असतं. खात्रीसाठी बिनझिलईच्या टाइलवर खडा ओढा: हेमटाइटची रेघ तांबडी, मॅग्नेटाइटची काळी. नुसत्या खड्याच्या रंगावर जाऊ नका, काळसर चकाकणारं हेमटाइटही असतं.

आता याच भुकटीला चुंबक धरायला लावता येतं. शंभर ग्रॅम लाल भुकटीत दहा ग्रॅम सुका लाकडाचा भुसा कालवा, झाकणाच्या पोलादी डब्यात भरा, झाकणाला एक बारीक भोक ठेवा आणि भट्टीत ५५० अंश सेल्सिअसला तासभर राहू द्या. भुशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हेमटाइटमधला थोडा ऑक्सिजन काढून घेतात आणि मॅग्नेटाइट तयार होतं. हिशेबाने शंभर ग्रॅम शुद्ध हेमटाइटला सव्वा ग्रॅम कार्बन पुरतो, पण कोळशाची पूड एवढ्या कमी तापमानाला फार आळशी वागते, म्हणून भुसा. हे काम भट्टी असलेल्या आणि हवा खेचणारा पंखा चालू असलेल्या प्रयोगशाळेतच करायचं. कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो.

बिघडतं ते तीन ठिकाणी. भोक विसरलात तर झाकण उडतं. तापमान ५७० च्या वर गेलं आणि भुसा जास्त झाला तर प्रक्रिया पुढे सरकून वुस्टाइट, म्हणजे आणखी कमी ऑक्सिजनचं ऑक्साइड, बनतं, आणि ते चुंबक धरत नाही. सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे डबा गरम असतानाच उघडणं: हवा लागली की काळी भुकटी पुन्हा तांबडी. पूर्ण गार होईपर्यंत थांबा. गरम भुकटीला चुंबक लावायचा मोहही नको, कारण बाजारात मिळणारा साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे कायमचा अशक्त होऊ लागतो.

अशक्त का होतो, इथे कंपनं येतात. तापणं म्हणजे अणूंचं थरथरणं वाढणं, आणि त्या थरथरीबरोबर फिरक्यांची शिस्तही डळमळते. मॅग्नेटाइटची शिस्त ५८० अंशांना मोडते, लोखंडाची ७७० ला, हेमटाइटची ६८० च्या आसपास. पण हा व्यवहार एकतर्फी नाही, आणि मला वाटतं पाठ्यपुस्तकं इथे विद्यार्थ्यांवर अन्याय करतात. चुंबकत्वही थरथरीवर हुकूम चालवतं. नेहमीच्या तापमानाला लोखंडाच्या अणूंची जी घनाकृती मांडणी असते ती चुंबकत्वामुळेच टिकते. ते नसतं तर अणू दुसऱ्याच, अधिक दाट रचनेत बसले असते.

या देवाणघेवाणीचा सर्वांत उपयोगी नमुना इनवार. लोखंडात ३६ टक्के निकेल घातलं की हा मिश्रधातू तापवूनही जवळजवळ फुगत नाही. साधं पोलाद अंशागणिक दशलक्षात बारा भाग वाढतं, इनवार जेमतेम एक-सव्वा. भौतिकशास्त्रज्ञ गियोम यांनी तो १८९६ मध्ये शोधला, १९२० चं नोबेल त्यातूनच आलं. कंपनं वाढली की अणू लांब सरकतात, फिरक्यांची शिस्त घटली की आकारमान आक्रसतं, आणि दोन्ही एकमेकांची फिटंफाट करतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या विद्यापीठाच्या गटाने हे दोन्ही हिशेब दाबाखाली वेगवेगळे मोजून दाखवले. शिस्तच मोडते त्या तापमानापुढे, म्हणजे सुमारे २३० अंशांच्या वर, इनवार इतर धातूंसारखाच फुगू लागतो. उणे १६२ अंशांचा द्रवरूप नैसर्गिक वायू नेणाऱ्या काही जहाजांच्या टाक्यांना आतून ०.७ मिलिमीटर जाडीचे इनवारचे पत्रे असतात ते तापमान बदललं तरी तो जवळजवळ फुगत-आक्रसत नाही याचसाठी.

हेमटाइटमध्येही असा एक उंबरठा आहे, तोही साधारण उणे १० अंशांना. त्याखाली फिरक्या दिशा बदलून उभ्या होतात आणि तो किंचितसा कलही नाहीसा होतो. १९५० मध्ये मोरिन या संशोधकाने हे नोंदवलं. घरचा डीप फ्रीझर उणे १८ ला चालतो, म्हणजे शुद्ध स्फटिक तिथे हा उंबरठा ओलांडतो, पण ते दिसायला संवेदनशील मॅग्नेटोमीटर (चुंबकत्व मोजणारं यंत्र) लागतो. आपल्या खनिजात अ‍ॅल्युमिनियम मिसळलेलं असतं आणि कणही बारीक असतात. दोन्हींमुळे हा उंबरठा आणखी खाली घसरतो किंवा पुसलाच जातो. २०१८ मध्ये या थंड अवस्थेतल्या हेमटाइटच्या स्फटिकातून फिरकीचा संदेश दहा मायक्रोमीटरहून बरीच लांब अंतरं पार करतो असं दिसलं, तेव्हापासून संगणकाच्या भागांसाठी त्याचा विचार होतोय. बाहेर चुंबकीय क्षेत्र सांडत नाही, त्यामुळे शेजारच्या भागाला त्रास नाही. या कामाला निर्दोष स्फटिक लागतो. आपल्या खाणीतली भुकटी तिथे चालणार नाही.