हार्बरचा सांधा: रे रोड ते मस्जिद (वहीतली स्थानकं 41 ते 45)

रविवारी मुंबईच्या हार्बर लोकल मार्गावर हिंडायचं तर साडेदहाच्या आत आटपलेलं बरं, नंतर दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणाऱ्या मेगाब्लॉकची टांगती तलवार. म्हणून या खेपेला सहालाच गोवंडीहून गाडी धरली. पास सीएसएमटीपर्यंतचा, त्यामुळे मध्ये कुठेही उतरलो तरी तिकिटाची कटकट नाही. शेजारच्या लगेजच्या डब्यात भाऊच्या धक्क्याकडे निघालेल्या कोळणी होत्या. त्यांच्या गप्पा आमच्या डब्यापर्यंत ऐकू येत होत्या.

आधी मागच्या नोंदीतली चूक दुरुस्त करतो. ‘हार्बर 1910 ला सुरू झाली’ असं मी मोघम लिहून गेलो होतो. 12 डिसेंबर 1910 ला सुरू झाला तो फक्त कुर्ला ते रे रोड हा भाग. पुढे व्हीटीपर्यंतचा, म्हणजे आजच्या सीएसएमटीपर्यंतचा, तुकडा जोडला गेला 1925 मध्ये. म्हणजे जवळपास पंधरा वर्षं रे रोड हे शेवटचं स्टेशन होतं! आज ज्या स्टेशनवर आपण मोबाइलमधून मान वर काढत नाही, तिथे तेव्हा गाडी रिकामी व्हायची. हे कळल्यापासून डोक्यात एकच खूळ: जुना आणि नवा तुकडा जिथे जुळतो तो सांधा चालून, बघून सापडतो का?

सापडतो. रे रोडला रूळ जमिनीवरच आहेत. डोक्यावरून आता केबलच्या आधाराचा नवा पूल गेलाय, सगळे फोटो त्याचेच काढतात. मी फलाटाच्या सीएसएमटीकडच्या टोकाला उभा राहून रूळ बघत बसलो. लॉर्ड रे हे 1885 ते 1890 या काळातले मुंबईचे गव्हर्नर, नाव त्यांचं. पुढच्या डॉकयार्ड रोडला उतरलात की लक्षात येतं, आपण रस्त्याच्या वर आलोय. तिथून बाहेर पडायला जिना उतरावा लागतो, आणि पाठीशी माझगावची टेकडी. हाच तो सांधा. डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोडचा वरचा मजला, मग मस्जिदकडे उतार: ही सगळी दुसऱ्या खेपेची करामत. दाट वस्तीतून जमिनीवर जागा कुठून आणणार? मग रूळच उचलले.

टेकडीवर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे, तेवढं चढून आलो. वरून गोदी दिसते. हे जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा 1925 मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, आजच्या भाषेत महापौर, होते. म्हणजे ज्या वर्षी खालून पहिली विजेची गाडी गेली, नेमकं तेच वर्ष. योगायोग आहे, पण वहीत लिहून ठेवलाय.

आता सँडहर्स्ट रोड. खरं तर सगळी सकाळ इथेच गेली. खाली मध्य रेल्वेचे फलाट आणि वर हार्बरचे, असं हे दुमजली स्टेशन. वरचा मजला 1921 चा. तो ज्या लोखंडी खांबांवर उभा आहे त्यांवर जीआयपीआर (तेव्हाची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), 1921 आणि ग्लेनगार्नॉक अशी अक्षरं ओतलेली आहेत. ग्लेनगार्नॉक स्कॉटलंडमधलं, लोखंडाच्या कारखान्यासाठी ओळखलं जाणारं गाव. तिथून हे लोखंड जहाजाने येऊन डोंगरीच्या कडेला उभं राहिलं. अक्षरांवर रंगाचे इतके थर चढलेत की नुसत्या डोळ्यांनी ‘1921’ मधला शेवटचा आकडा लागेना. मग बोटाने चाचपून वाचला. एक भेळवाले काका बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, ‘‘काय हरवलंय का?’’

विजेचं कारणही याच भागात कळतं. मस्जिद सोडल्यावर गाडी सँडहर्स्ट रोडच्या वरच्या मजल्याकडे अंग रेटत चढते, दारात उभं राहिलं की तो चढ पायांना जाणवतो. गच्च भरलेली गाडी घेऊन वाफेच्या इंजिनाने दिवसभर हा चढ चढत राहणं अवघडच होतं. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी याच मार्गावर धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. ती पद्धत मुंबईत सर्वांत शेवटपर्यंत टिकली तीही हार्बरवरच, एप्रिल 2016 पर्यंत. जुन्या डीसी गाड्यांचा तो घोगरा आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मस्जिदला फार वेळ उरला नव्हता. पण नावाची गोष्ट सोडवत नाही. स्टेशनाचं नाव मशिदीवरून नव्हे, तर सॅम्युएल स्ट्रीटवरच्या सिनेगॉगवरून पडलं असं अनेक जण मानतात. सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये ते बांधलं. मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यू आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत, आणि या वास्तूला जुनी मशीद.

परतताना कॉटन ग्रीन. कापसाचा बाजार आधी किल्ल्यात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, 1844 मध्ये कुलाब्याला आणि पुढे शिवडीला सरकला. हिरवळ मागेच राहिली, नाव तेवढं बरोबर आलं.

ही घाई का, तर 2024 मध्ये विधिमंडळाने यांतल्या तीन नावांच्या बदलाचा ठराव मंजूर केलाय: सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी. माझगाव आणि डोंगरी मला आवडतात, ती नावं गव्हर्नरांच्या कितीतरी आधीची. पण कॉटन ग्रीन गेलं तर कापसाच्या स्थलांतराचा धागाच तुटेल. तिन्ही पिवळ्या पाट्यांचे फोटो काढून ठेवलेत. सँडहर्स्ट रोडचा तेवढा हलला आहे.

पुढच्या रविवारी कुर्ला. तिथला सीएसटी रोड टर्मिनसवरून नव्हे, सेंट्रल साल्सेट ट्रामवेवरून आहे. 1934 मध्ये बंद पडलेल्या त्या मार्गाचा माग काढत अंधेरीच्या दिशेने जमेल तेवढं चालायचं आहे. सँडहर्स्ट रोडचे खांबही परत मोजायचे आहेत, दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.