काकांची ‘फेंडर’ : ओळख पटवण्याची नोंदवही

१८ जानेवारी

मोठ्या काकांची इलेक्ट्रिक गिटार अखेर माझ्या हातात आली. देवगडजवळच्या आमच्या घरी ती चाळीसएक वर्षं माळ्यावर सतरंजीत गुंडाळून पडली होती. काका बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. जपानहून आणलेली ही गिटार ते लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत वाजवायचे. गणपतीत ऑर्केस्ट्रा असला की हमखास. बरोबर एक छोटा अॅम्प्लिफायरही आणला होता. तो जपानच्या १०० व्होल्टवर चालणारा. मुंबईत प्लगमध्ये घातला त्याच दिवशी त्याचा ट्रान्सफॉर्मर जळला. तो भंगारात गेला, गिटार राहिली.

काकूंचं म्हणणं पहिल्यापासून एकच. “तुझे काका सांगायचे, ही फेंडर आसा म्हणान.” चुलतभावाने तेवढ्यावर फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या जुन्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ (थोडक्यात स्ट्रॅट) मॉडेलच्या किमती शोधल्या. फेंडर कंपनी १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने विकत घेतली. त्याआधीच्या स्ट्रॅट पाच आकडी डॉलरला जातात. तेव्हापासून घरात याच किमतीची चर्चा आहे.

आज फक्त फोटो काढले, चाळीस-पन्नास. हेडस्टॉक (मानेचं खुंट्यांचं टोक) पुढून-मागून, प्रत्येक स्क्रू, मानेच्या बुंध्यावरची पट्टी, जॅक, तारांना खालून आधार देणारा ब्रिज जिथे टेकतो तिथला डाग. फडकंसुद्धा फिरवलं नाही. तुमच्याकडे अशी वस्तू आली तर आधी फोटो काढा. धुळीतही खुणा असतात आणि एकदा पुसल्या की परत येत नाहीत.

१९ जानेवारी

फेंडरचा निकाल दहा मिनिटांत लागला. मानेच्या मागच्या चार स्क्रूंच्या पट्टीवर ‘मेड इन जपान’ कोरलंय. फेंडरने जपानमध्ये गिटारी बनवायला सुरुवात केली ती १९८२ मध्ये, फेंडर जपान ही कंपनी काढून. ही तर काकांनी साठच्या दशकात आणलेली. शिवाय फेंडरच्या कान पिळायच्या सहाही खुंट्या एका रांगेत असतात. हिच्या हेडस्टॉकवर वर चार आणि खाली दोन आहेत. तारा ज्या खाचांतून मानेवर येतात त्या नटच्या लगेच पुढे झिरो फ्रेट, म्हणजे धातूची एक जादा आडवी पट्टी आहे, तोही फेंडरच्या गिटारींवर नसतो.

काकांनी खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. त्या काळी ऑर्केस्ट्रातल्या पोरांना इलेक्ट्रिक गिटारचं एकच नाव ठाऊक असेल, तर प्रत्येक गिटार फेंडरच. आमच्याकडे कोणत्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला डालडाच म्हणतात, तसंच हे.

हेडस्टॉकवर कंपनीची पाटी नाही. दोन बारीक भोकं आहेत आणि त्यांच्यामध्ये लॅकरचा एक लांबट तुकडा बाकीच्यापेक्षा फिका राहिलाय. म्हणजे तिथे धातूची पाटी होती, आणि पुष्कळ वर्षं होती.

२६ जानेवारी

उघडायला घेतली. आधी तारा थोड्या थोड्या सैल केल्या, सहाही एकदम कापल्या नाहीत. इतकी वर्षं ताणाखाली राहिलेली मान एका झटक्यात मोकळी करू नये.

स्क्रूंबद्दल सांगायलाच हवं. जुन्या जपानी वाद्यांचे चौफुलीचे स्क्रू दिसतात नेहमीच्या स्टारसारखेच, पण त्यांची खाच वेगळ्या जपानी मापाची असते. आपला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच चावून टाकतो. पिकगार्डचा, म्हणजे तारांखालच्या संरक्षक पत्र्याचा, पहिला स्क्रू मी असाच खराब केला. मग थांबले, जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर मागवला. देवगडच्या खाऱ्या हवेने स्क्रू गंजून लाकडात रुतलेत. प्रत्येकावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सुईने सोडला आणि रात्रभर तसंच ठेवलं.

२ फेब्रुवारी

हा दिवस माझ्या लक्षात राहील.

मान काढली, तर बुंध्याच्या खोबणीत कागदाची एक चपटी घडी निघाली. उलगडली तर बेस्टच्या बसचं तिकीट. मानेला जरासा कोन यावा, तारा फ्रेटच्या जवळ याव्यात म्हणून काकांनीच ती पाचर घातलेली. ट्रस रॉड फिरवून मान सरळ करायची सोय या गिटारीत नाही, आत फक्त लोखंडी पट्टी आहे. पाचरेचा हा उपाय आजचे कारागीरही करतात. तिकीट पाकिटात ठेवलंय. मान बसवताना तेच परत जाईल.

पिकगार्ड उचलल्यावर रंगाचं कोडं सुटलं. गिटार आज बाहेरून विटकरी लाल दिसते, जाड ऑइलपेंटची. धातूच्या पिकगार्डखाली मात्र ब्रश पोचलाच नव्हता. तिथे मूळ सनबर्स्ट जसाच्या तसा आहे. मध्ये मधासारखा पिवळा, कडेला लाल होत काळा. फ्रेंच पॉलिश केलेल्या जुन्या कपाटाचं दार आतून उघडावं, तसं वाटलं.

आणि पिकअप, तारांचं कंपन विजेत बदलणारे! दोन्हींच्या झाकणात सोनेरी पत्रा. म्हणजे ज्यांना गोल्ड फॉइल म्हणतात ते. आत रबरासारखा लवचीक फेराइट चुंबक असतो. मल्टिमीटरवर पुढच्याने ६.१ किलोओहम दाखवले, मागच्याने काहीच नाही. काळजात धस्स झालं. पण वायर सोल्डरपाशी तुटली होती, वेटोळं शाबूत होतं. सांधली, ६.६ आले.

अमेरिकन गिटारी बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिकडच्या पॉटच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर आकडे असतात, त्यावरून काळ लागतो. उदाहरणार्थ १३७६६३३ : १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ हे साल, ३३ वा आठवडा. त्यातही जपून. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता, त्यामुळे ६८-६९ च्या गिटारीतही ६६ चे पॉट सापडतात. आकडा सांगतो तो एवढंच की गिटार याच्याआधीची नाही. माझ्या गिटारीत यातलं काहीच नाही. अनुक्रमांक नाही, पॉटवर सांकेतिक आकडे नाहीत. अशी गिटार ओळखायची तर खुणांवरून आणि जुन्या कॅटलॉगवरूनच.

९ फेब्रुवारी

खुणा जुळवत बसले. चार-दोनचा हेडस्टॉक, गोल्ड फॉइल, प्रत्येक पिकअपला वेगळा चालू-बंद स्विच, दोन टोकदार शिंगं फाकलेली बॉडी. हे सगळं एकाच ठिकाणी नेतं : टेइस्को ही जपानी कंपनी. मॉडेल ईटी-२००. जाणकार तिला ‘ट्युलिप’ म्हणतात, बॉडीच्या आकारावरून. ‘टी’ म्हणजे ट्रेमोलो, दांडा दाबून सूर हलवायची सोय. हिचा ट्रेमोलोचा दांडा गायब आहे, खाच मात्र आहे.

टेइस्कोची गोष्ट मला फार आवडते. १९४६ मध्ये, युद्धात पोळलेल्या टोकियोत, आत्सुवो कानेको हे हवाईयन गिटारवादक आणि दोर्यू मात्सुदा हे इलेक्ट्रिकल इंजिनियर एकत्र आले. सुरुवात हवाईयन गिटार आणि अॅम्प्लिफायरपासून. मग १९६५ च्या जानेवारीत अमेरिकेचा ‘व्हेंचर्स’ हा बँड जपानच्या दौऱ्यावर आला आणि तिथल्या पोरांना इलेक्ट्रिक गिटारने झपाटलं. तिकडे त्याला ‘एलेकी बूम’ म्हणतात. कारखाने रात्रंदिवस गिटारी काढू लागले. लाट ओसरली तशी टेइस्को अडचणीत आली आणि १९६७ मध्ये कावाई कंपनीने ती घेतली. अमेरिकेत हाच माल ‘टेइस्को डेल रे’ या नावाने जायचा. सिअर्सच्या सिल्व्हरटोनसारख्या दुसऱ्या नावांनीही विकला जायचा. त्यामुळे एकट्या पाटीवर विसंबू नका. नावं वेगळी आणि आतला माल एकच, असं पुष्कळदा निघतं.

१५ फेब्रुवारी

आता कागद. याबाबतीत आम्ही भाग्यवान, कारण काकूंनी एक पत्र्याची ट्रंक जशीच्या तशी ठेवलीय.

एक, काकांचं सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदीचं पुस्तक. बोटीवर चढल्याच्या-उतरल्याच्या तारखा त्यात शिक्क्यांसह असतात. मार्च १९६६ ला चढले, फेब्रुवारी १९६७ ला मुंबईत उतरले. दोन, त्याच महिन्याची कस्टमची पावती, सामानात एक इलेक्ट्रिक गिटार. तीन, आजीला पाठवलेलं पत्र, त्यात एकच ओळ : “कोबेला गिटार घेतली, आता रागावू नकोस.”

म्हणजे गिटार फेब्रुवारी १९६७ च्या आतली. बोटीचा परतीचा प्रवास धरला, तर ती टेइस्कोच्या स्वतःच्या हातची, कावाईच्या आधीची.

चौथा कागद सगळ्यांत मोलाचा. फोटो, मागे शाईने ‘गणपती १९६९’. मंडपात पाच जण, मधले काका, गळ्यात हीच गिटार. भिंग लावून पाहिलं तर हेडस्टॉकवर पाटी आहे आणि तिचा आकार त्या फिक्या तुकड्याशी तंतोतंत जुळतो. आणखी एक गोष्ट दिसली. कृष्णधवल फोटोतही बॉडी मध्ये उजळ आणि कडेला काळी दिसते. म्हणजे लाल रंग ६९ नंतरचा. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, पुढे एकदा घराची दारं रंगवली, त्यातला उरलेला.

१ मार्च

किमतीची नोंद. चुलतभावासमोर बसून केली, कारण त्याला उत्तर देणं लागत होतं.

लोक इंटरनेटवर जाहिरातीतली किंमत बघतात. ती विकणाऱ्याची इच्छा असते. बघायची ती विक्री पूर्ण झालेल्यांची किंमत. रिव्हर्ब या वाद्यांच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर ती मिळते. तिथे चालू स्थितीतल्या ईटी-२०० काहीशे डॉलरला गेलेल्या दिसतात. टेइस्कोच्याच स्पेक्ट्रम-५ सारख्या दुर्मीळ मॉडेलला हजारांत पैसे येतात, पण ती गोष्ट वेगळी. आपल्या गिटारीवर दुसऱ्यांदा रंग बसलाय, पाटी नाही, दांडा नाही. प्रत्येकामागे किंमत उतरते. काका आणि कागदपत्रं मिळून काही वाढते, पण ती आपल्या घरात जास्त, बाजारात कमी.

मग त्याने ते सांगितलं. ओळखीच्या एका विक्रेत्याला त्याने फोटो दाखवले होते. त्याला गिटार नको, दोन पिकअप हवेत, आणि नुसत्या पिकअपचे तो पूर्ण गिटारीच्या जवळपास पैसे द्यायला तयार आहे.

हे होणारच होतं. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी आपल्या स्ट्रॅटमध्ये मानेपाशी टेइस्कोचा गोल्ड फॉइल बसवला, ब्रिजपाशी सुप्रो कंपनीच्या लॅप स्टीलचा (मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या गिटारीचा) पिकअप. त्या ‘कूडरकास्टर’च्या आवाजामागे जग लागलं. तेव्हापासून स्वस्तातल्या टेइस्को गिटारी त्यांच्या पिकअपसाठी फोडल्या जातात. बॉडी आणि मान कचऱ्यात.

मी सरळ नाही म्हटलं. ज्या गिटारीची १९६७ ची पावती आहे, फोटो आहे, बसचं तिकीट आहे, तिचे डोळे काढून विकायचे? जगात शाबूत टेइस्को दरवर्षी कमी होतायत आणि त्याला हाच हिशोब कारणीभूत आहे. दोन पिकअप बाहेर आले की उरलेल्या लाकडाला कुणी काकांची गिटार म्हणणार नाही. चुलतभाऊ बराच वेळ फोटो बघत होता. मग म्हणाला, राहू दे, पण वाजती कर.

लाल रंगही काढणार नाही. खाली सनबर्स्ट आहे हे कळल्यावर हात शिवशिवले, खरंय. पण ऑइलपेंट खरवडताना खालचं पातळ लॅकर वाचत नाही. आणि तो दारांचा रंग आहे. आमच्या घराच्या मधल्या दाराच्या चौकटीत तो अजून दिसतो.

२२ मार्च

तिकिटाची पाचर परत बसवली. फ्रेट नुसते घासले, बदलले नाहीत. पॉटमध्ये क्लीनर सोडून वीसेकदा फिरवले, खरखर गेली. बाराव्या फ्रेटला तार आता अडीच मिलिमीटरवर आहे. स्लाइड, म्हणजे तारांवर नळी सरकवत वाजवायला, ते उलट चांगलंच.

देवगडला नेली, छोट्या अॅम्पला जोडली. गुणगुण आहे, एकाच वेटोळ्याच्या (सिंगल कॉइल) पिकअपला असतेच. पण आवाज! काचेवर खडीसाखर पडावी तसा प्रत्येक सूर सुटा, आणि मागे एक हलकीशी कुरकुर. फक्त मानेकडच्या पिकअपवर सावकाश वाजवलं की खोलीतली हवा बदलते. काकू स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी सहज म्हटलं, आता ट्रेमोलोचा दांडा तेवढा राहिलाय, कुठून मिळवावा.

“कसलो दांडो?”

फोटोतला दाखवला. वाकडा, टोकाला पांढरं बोंड.

“ता? ता गोठ्याच्या दाराक आसा.”

गेले बघायला. गोठ्यात गुरं नाहीत आता, पण दाराची कडी आहे. दोन खिळ्यांमध्ये सरकवलेला, क्रोम उडालेला तो दांडा. बोंड नाही. काकूंनी स्वतःच ओढून काढला आणि त्याच्या जागी कोयतीची मूठ खुपसली. मी दांडा तेलाने पुसून ट्रेमोलोच्या खाचेत घातला, फिरवला. तीन वेढ्यांत घट्ट बसला.