मालवण, आई आणि माझी मिशी

मला पोहता येतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं ते वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही. मामाच्या कडोलीच्या मळ्यातल्या विहिरीत, कमरेला पत्र्याचा डबा बांधून शिकलोय. सातवीत असताना काठावरनं सूर मारून तळाचा चिखल मुठीत घेऊन वर यायचो. त्यामुळं मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, स्नॉर्कलिंगच्या म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघायच्या बोटीतला पोरगा लाइफ जॅकेट पुढं करून म्हणाला, "दादा, पोहता नाही आलं तरी चालतं," तेव्हा मी जरा जास्तच जोरात म्हणालो, "येतं मला."

"येतं तर मग विसरा," तो म्हणाला. तेव्हा ते मला उद्धटपणाचं वाटलं होतं.

गेलो होतो मी आणि आई. बायकोच्या शाळेत परीक्षा, तिला सुट्टी नाही. आईनं साठी ओलांडली, पण समुद्र असा निवांत बसून कधी बघितला नव्हता. बघितला तो लग्नाकार्याला गोव्याला जाताना बसच्या खिडकीतनं. बेळगावची माणसं उठली की गोव्याला जातात. मला त्या गर्दीचा कंटाळा आहे, आणि आईला तिथली गाणी सोसत नाहीत. म्हणून मालवण, तेही जानेवारीतला मंगळवार गाठून. शनिवार-रविवारी जाऊ नका असं मी सांगेन, पण सगळ्यांनीच ऐकलं तर मंगळवारचं कसं व्हायचं?

पहाटे पाचला टिळकवाडीतनं निघालो. हिंडलगा, सुळगा, बाची करत शिनोळी आली की पाट्या बदलतात. आईचा एक नेम आहे, हद्द ओलांडली की दिसेल ती पहिली मराठी पाटी मोठ्यानं वाचायची. आमच्याकडं दुकानावर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा 2024 मध्ये झाल्यापासनं तर तिचा आवाज आणखी वाढलाय. या वेळची पाटी होती, "येथे टायर पंक्चर काढून मिळेल." तिनं ती मंगलाष्टकासारखी म्हटली. आंबोलीत चहा घेतला. तिथं लोक गाड्या थांबवून माकडांना वेफर्स घालत होते, त्यांना बघून आई चिडली. सावंतवाडी, कुडाळ, मालवण. दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण घाटामुळं साडेचार तास गेले.

त्याच दिवशी दुपारी पाण्यात उतरायची घाई केली, ती माझी पहिली चूक. भरल्या पोटी उतरलो, ती दुसरी. तिसरी चूक तोंडावर होती.

बोटीतल्या पोरानं मास्कमध्ये थुंकून काच आतनं चोळली, पाण्यात बुचकळली आणि माझ्या तोंडावर बसवली. थुंकी लावली की काचेवर वाफ धरत नाही म्हणे. रबराची कड कपाळावर, गालावर बरोबर बसली. वरच्या ओठापाशी आली आणि तिथं माझी मिशी. जाड आहे, वडलांसारखी. त्यानं बोटानं दाबून बघितलं, व्हॅसलीनची डबी काढून मिशीला चोपडलं, परत दाबलं आणि सोबत्याकडं बघून मालवणीत काहीतरी बोलला. दोघं हसले.

"दादा, मिशीतनं पाणी येणार थोडं."

"येऊ दे," मी म्हणालो. विहिरीतला माणूस. थोड्या पाण्याचं काय एवढं?

आता नळीचं बघा. ही नळी दातात धरायची, तोंड पाण्यात आणि श्वास तोंडानं चालू ठेवायचा. ऐकायला सोपं आहे. पण विहिरीत शिकलेल्या माणसाची सगळी विद्या एकाच गोष्टीत असते, पाण्यात तोंड गेलं की श्वास बंद. ते डोक्यातनं होत नाही, अंगातनं होतं. मामानं मला पाण्यात ढकलून ढकलून तेवढं एकच शिकवलं होतं. तोंड पाण्यात गेलं आणि माझी छाती कुलूप लावल्यासारखी बंद झाली. खाली काहीतरी निळंहिरवं हलत होतं, पण बघतो कोण? मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो. पंचविसाला मास्कमध्ये नाकापाशी खारं पाणी साठलं. तिसाला मी नाकानं श्वास घेतला.

पुढचं वर्णन करत नाही. बोटीच्या कडेला धरून खोकत होतो, नाकातनं, डोळ्यांतनं समुद्र वाहत होता, आणि वर बोटीत केशरी जॅकेट घातलेली आई एका हातात माझा चष्मा आणि दुसऱ्या हातात पिशवी धरून विचारत होती, "दिसलं काय रे काही?"

शेजारच्या रिंगला धरून एक पुण्याची सातआठ वर्षांची मुलगी तरंगत होती, तोंड पाण्यात, वेणी वर. ती अर्धा तास तशीच होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

संध्याकाळी घरगुती खानावळीत जेवायला गेलो. तिथं सकाळीच फोन करून मासा सांगून ठेवावा लागतो. ऐनवेळी गेलात तर उरलंसुरलं मिळतं, आणि ते आम्हाला मिळालं. पण ते उरलंसुरलं म्हणजे तिरफळं घातलेले बांगडे, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, तांदळाची भाकरी आणि वाटीभर सोलकढी, त्यामुळं तक्रार करायला जागा नव्हती. नाकात अजून खार होता, तरी तिरफळाचा वास पोचला. आमच्याकडं कॅम्पातल्या फिश मार्केटात बर्फातनं येणारा बांगडा आणि हा बांगडा, दोघांचं नाव सारखं आहे एवढंच.

वाढणाऱ्या काकी बोलक्या होत्या. बाहेर उभ्या गाडीचा केए-22 नंबर त्यांनी बघितला होता.

"खयसून इलात?"

"बेळगाव," मी म्हणालो.

"म्हणजे कर्नाटकातले! पण मराठी बरा बोलतास हां तुमी."

हे वाक्य मी आयुष्यात शंभर वेळा ऐकलंय. पुण्यात कॉलेजला असताना, मुंबईत नोकरीच्या मुलाखतीत, एकदा तर कोल्हापुरात, बेळगावपासनं जेमतेम शंभर किलोमीटरवर. बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं, उलट कौतुकच असतं. म्हणूनच त्याचं काय करायचं कळत नाही. आजोबा एक नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत चालायचे. 1956 पासनं आम्ही ज्या भाषेसाठी भांडतोय, 2004 पासनं जिच्यापायी सीमावादाचा खटला सुप्रीम कोर्टात पडून आहे, ती आम्ही "बरी" बोलतो म्हणून शाबासकी मिळते, तीही महाराष्ट्रात. अशा वेळी मी कसनुसं हसतो. तेव्हाही हसलो आणि भाकरी मोडली.

आई हसली नाही. तिनं तिसरीचा शिंपला ताटाच्या कडेला ठेवला, बोट चाटलं आणि म्हणाली, "तुमची मालवणी आम्हाला समजतीय, म्हणजे आमचं मराठी चांगलंच असणार की हो."

मला घास गिळेना. काकी क्षणभर बघत राहिल्या, मग इतक्या मोठ्यानं हसल्या की आतनं त्यांची सून बाहेर आली. आई थांबायला तयार नव्हती.

"आणि ह्या रश्श्याला मिरची कुठली घालता?"

"मसाल्यात बेडगी असता, संकेश्वरी असता..."

"संकेश्वर आमचं, बेळगाव जिल्ह्यातलं. ब्याडगी त्याच्याखाली, हावेरीकडं. तुमच्या मालवणी मसाल्याचा रंग आमचा आणि तिखटही आमचंच. कर्नाटकातलं." 'कर्नाटकातलं' हा शब्द आईनं अभिमानानं उच्चारलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वादात जे हाताला लागेल ते घ्यायचं, हा तिचा जुना स्वभाव.

"संकेश्वर म्हणजे गाव?" काकींनी विचारलं. त्या इतकी वर्षं मिरची घेत होत्या, पण गावाचं नाव म्हणून त्यांनी तो शब्द कधी ऐकलाच नव्हता. मग खुर्ची ओढून त्या आईशेजारी बसल्या, आणि पुढचा तासभर दोघी मिरची किती भाजायची, खोबरं काळं करायचं की नाही, उकड्या तांदळाचा भात घशाखाली कसा उतरतो यावर बोलत होत्या. त्या भातावर आईचं मत वाईट आहे. बेळगाव बासमतीच्या वासात वाढलेल्या बाईकडनं दुसरी अपेक्षा करू नये. काकींनी ते मनावर घेतलं नाही, मला मात्र सोलकढी तीनदा वाढली. उठताना आईनं पिशवीतनं कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा काढून दिला. तो खरंतर माझ्या कुडाळच्या मित्रासाठी होता.

रात्री खोलीवर आई म्हणाली, "मिशी काढ की."

"वडलांची आठवण आहे ती."

"त्यांची त्यांच्यापाशी होती. आणि परत येती ती."

सकाळी आठला मालवणच्या बाजारात एका सलूनमध्ये बसलो. न्हाव्यानं विचारलं, "स्नॉर्कलिंग?" मी मान हलवली. त्यानं दुसरं काही विचारलं नाही, वस्तरा लावला. आरशात मला माझा मामा दिसला.

या वेळी रिकाम्या पोटी गेलो. मास्क चपखल बसला. पोरानं मला बोटीला धरून नुसतं तोंड पाण्यात घालायला लावलं आणि माझ्या पाठीवर तळवा ठेवला. तळवा दाबला की श्वास सोडायचा, उचलला की घ्यायचा. लहान मुलाला झोपवतात तसं. दहा-बारा श्वासांनी अंगाला पटलं असावं, कारण त्यानं हात काढल्याचं मला कळलंच नाही.

आणि मग ऐकू आलं. बघायच्या आधी ऐकू आलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याखाली बारीक तडतड चालू होती, कुणी लांबच्या स्वयंपाकघरात मोहरीची फोडणी द्यावी तशी, पण न थांबता. खडकांच्या फटीतनं राहणाऱ्या बारक्या कोळंब्या नांगी मिटून तो आवाज काढतात. माझ्या श्वासाचा घुर्र घुर्र आणि खालनं ही फोडणी, दुसरं काही नाही.

माझा चष्म्याचा नंबर उणे दोन, चष्मा आईपाशी, त्यामुळं मला फारसं दिसणार नाही असं धरून चाललो होतो. पण पाण्यात वस्तू असतात त्याहून पाव अंतर जवळ आणि मोठ्या दिसतात. तेवढ्यानं माझं भागलं. पिवळ्या पाठीवर काळे पट्टे असलेल्या हातभर लांबच्या माशांचा घोळका. (वर आल्यावर कळलं, वीतभराचे होते.) मेंदूसारख्या वळ्यांचं तपकिरी पोवळं, त्याच्या कडेला काळ्या सुयांचा एक गोळा, सुया सावकाश हलवणारा. पोपटाच्या चोचीसारखं तोंड असलेला एक हिरवट मासा खडक खरवडत होता. त्यानं माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही आणि मला तोच सगळ्यात जास्त आवडला.

मग पोरानं पाण्यात पाव कुस्करला. एका क्षणात सगळे पट्टेवाले मासे माझ्या तोंडापुढं, बोटांना टोचतायत, शेजारी रिंगवाली मंडळी नळीतनं ओरडतायत. मला आंबोलीची माकडं आठवली. 1987 पासनं हा सागरी अभयारण्याचा भाग आहे, एकोणतीस चौरस किलोमीटर. तिथं माशांना बेकरीची सवय लागावी? पोराला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "दादा, मासे नाही दिसले तर लोक पैसे परत मागतात." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पोपटतोंड्या मात्र पावाकडं फिरकला नाही.

नंतर किल्ला. 25 नोव्हेंबर 1664 ला बांधकाम सुरू झालं आणि तीन वर्षांत उभा राहिला, हे पाठ होतं. आईला तटापेक्षा विहिरींचं अप्रूप. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. इकडं विहिरीला बाव म्हणतात. "चारी बाजूंनी खारं आणि मधे गोडं पाणी," ती काठावरनं वाकून म्हणाली, "ह्यात उतरला असतास तर मिशी वाचली असती." उरलेला दीड दिवस देवबाग-चिवल्याचे किनारे, झोप आणि मासे. दोन्ही वेळा त्याच काकींकडं जेवलो, सकाळी फोन करून.

परतताना आंबोलीला चहासाठी थांबलो तेव्हा फोनवर व्हिडिओ आला. पाण्याखालच्या चित्रीकरणाचे वेगळे पैसे घेतले होते. मागं कसलंतरी हिंदी गाणं, सुरुवातीला कुणाचेतरी पाय, मग पाव, मग मासे, मग पाण्याखाली अंगठा वर करून दाखवणारी चार माणसं. आईनं चष्मा लावून दोनदा बघितला.

"ह्यात तू कुठला?"

"तो काय, मास्कवाला."

"सगळेच मास्कवाले की." तिनं फोन डोळ्यांपासनं लांब धरला, परत जवळ आणला. "मिशी असती तर ओळखला असता."