तरंगणारा दगड

मागच्या मे महिन्यात बाबा आमच्याकडे डेन्मार्कला आले होते. राजवाडे, पुतळे यात त्यांना काडीचा रस नाही. पण फूर नावाच्या बेटावर पांढऱ्या दगडाचे कडे आहेत म्हटल्यावर सकाळी सातलाच बूट घालून तयार! तीस वर्षं घाटरस्त्यांच्या कामावर मुकादमी केलेला माणूस. दगड दिसला की आधी वाजवून बघायचा. खणखणला तर चांगला, बद्द आवाज आला तर टाकाऊ.

फेरीने पाच मिनिटांत पलीकडे. किनाऱ्यावर पडलेला एक ढेकळासारखा तुकडा बाबांनी उचलला आणि दुसऱ्या दगडाने ठोकला. आवाजच नाही. नख लावलं तर पिठी निघाली. "हा कसला दगड? हा तर टोस्ट!"

तिथले लोक त्याला मोलर म्हणतात. डायटमाइटचाच हा एक प्रकार. डायटम म्हणजे एकपेशीय शेवाळं. त्यांची कवचं सिलिकाची, काचेसारखी. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी ही कवचं साठत गेली. मोलरमध्ये ढोबळमानाने दोन हिस्से कवचं आणि एक हिस्सा चिकणमाती. मधूनमधून काळ्या रेघा दिसतात, ती ज्वालामुखीची राख. असे जवळजवळ १८० थर आहेत आणि भूशास्त्रज्ञांनी त्यांना उणे ३९ पासून अधिक १४० पर्यंत क्रमांक दिलेत. बरीचशी राख बेसाल्टची, हे ऐकून बाबा खूश. "म्हणजे आपलाच काळा पाषाण, फक्त दळलेला." सह्याद्रीचा दगड याहून कोटभर वर्षांनी जुना, हेही त्यांनी वदवून घेतलंच.

तुकडा घरी आणून आठवडाभर हीटरवर वाळवला. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. दोन्ही मुठींएवढा तुकडा, भरला १८४ ग्रॅम. तेवढा काळा दगड पाऊण किलोच्या आसपास गेला असता. बादलीत सोडला तर चक्क तरंगला! मग बारीक बुडबुडे सुटू लागले, तो तिरका झाला आणि हळूहळू तळाशी गेला. सकाळी पुसून वजन केलं तर ३३१ ग्रॅम. दीडशे ग्रॅमच्या जवळपास पाणी पोटात. म्हणजे दगडाचा निम्म्याहून जास्त भाग नुसती पोकळी. कवचं स्वतः पोकळ, त्यांच्या भिंतींना चाळणीसारखी भोकं, आणि कवचाकवचांमध्ये पुन्हा फटी. बिअर आणि साखरेचा पाक गाळायला शुद्ध डायटमाइट वापरतात ते याचसाठी.

चुनखडी असेल अशी बाबांना शंका होतीच. व्हिनेगर टाकलं, फसफसलं नाही. जिभेला लावला तर मुलतानी मातीसारखा चिकटला (हे मी केलं, बाबांनी नाही). पिठी बोटावर घेऊन काळपट चमच्यावर घासली, चमचा लखलखला. गंमत आहे बघा: दगड नखाने उकरता येतो, पण त्याचा कण न् कण चांगला कठीण. कारण कवचं एकमेकांना घट्ट चिकटलेली नाहीत, पण प्रत्येक कवच सिलिकाचं. हा सिलिका स्फटिकी नाही, ओपलसारखा अस्ताव्यस्त रचनेचा. जमिनीत खोल दाबला गेला, तापला, की कोट्यवधी वर्षांत त्याचा गारगोटीसारखा घट्ट दगड होतो आणि पोकळी संपते. भट्टीत खूप तापवला तर क्रिस्टोबलाइट हे स्फटिक तयार होतं, आणि ती धूळ मात्र फुप्फुसांना घातक.

नोबेलचं नाव निघाल्यावर बाबा सरसावून बसले. नायट्रोग्लिसरीन जरा हादरलं तरी उडायचं. नोबेलने ते जर्मनीतल्या डायटमाइटच्या पिठीत मुरवलं. ही पिठी स्वतःच्या तिप्पट वजनाचं नायट्रोग्लिसरीन धरून ठेवते. १८६७ साली त्याने या डायनामाइटचं पेटंट घेतलं. बाबांनी सुरुंगात वापरल्या त्या जिलेटीनच्या कांड्या, पण मूळ पुरुष हाच. "एवढा मऊ दगड, आणि आमचे डोंगर फोडायला निघाला," एवढंच म्हणाले.

जाताना तुकडा परत वाळवून त्यांनी शर्टात गुंडाळला. आईने बॅगेच्या वजनावरून तोंड उघडायच्या आत म्हणाले, "अगं, याला वजनच नाही."

जुलैमध्ये वाईहून फोन आला. पंधरा दिवस पाऊस उघडलेला नव्हता. तुकडा खिडकीत नाही, आत फडताळात होता, पाण्याचा थेंब लागलेला नाही. वाण्याकडे नेऊन वजन करून आणलं होतं. "१९७," बाबा म्हणाले. "लिहून ठेव."