वजाची खूण

दादाने काल मी बनवलेलं मॉड्यूल, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा प्रीअँप, हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि विचारलं, "हे फिरवलं की आवाज वाढतो ना? मग आकडे वजात का?"

एवढंच. वाईट बोलला नाही, हसलाही नाही. आणि मी आज दिवसभर तेच घेऊन बसलेय.

उत्तर मी दिलं, अगदी व्यवस्थित दिलं. म्हटलं ते आकडे आपण किती वाढवतोय त्याचे नाहीत, माइककडून किती कमी येतंय त्याचे आहेत. वजा ६० म्हणजे माइकचा सिग्नल इतका बारीक धरलाय की त्याला नेहमीच्या पातळीवर आणायला ६० डीबीचा (डेसिबलचा) जोर लागेल. नीव्ह या इंग्लिश कंपनीच्या जुन्या मिक्सिंग कन्सोलच्या मॉड्यूलवर, ज्याच्यावरून मी हे केलंय, असंच असतं, वजा २० पासून वजा ८० पर्यंत, पाच-पाचच्या पायऱ्या. तो "अच्छा" म्हणाला आणि खाली ठेवून दिलं. दादाचा तो अच्छा मला माहितीये.

गोष्ट अशी की उत्तर तोंडपाठ होतं पण तो प्रश्न मला स्वतःला एकदाही पडला नव्हता. पॅनलची फाइल करताना मी सरळ वजा २० टाइप केलं, मग वजा २५, वजा ३०, असं करत गेले, कारण तिथे तसं असतं. आठ महिने ज्याला मी माझं डिझाइन माझं डिझाइन म्हणतेय त्याच्यावर मी दुसऱ्याची वजाबाकी उतरवून काढली, कॉपी करणारी पोरं चुकीसकट उतरवतात ना तशी. (चूक नाहीये ती, पण कळलं ना मला काय म्हणायचंय.)

मग रात्री मोजायला बसले की यात माझं आहे काय. बसायला नको होतं.

१०७३, म्हणजे नीव्हचं तेच मूळ मॉड्यूल, आली १९७० साली. चोवीस व्होल्टचा एकच सप्लाय, बीसी१८४ सारखे छोटे ट्रान्झिस्टर, आणि शेवटी तो धटिंगण टू-एन-३०५५, जो खरं तर पॉवर सप्लायमधे शोभणारा माणूस, त्याला रूपर्ट नीव्हच्या लोकांनी एकट्याला क्लास ए मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर ओढायला बसवला. सिग्नल असो नसो, त्याच्यातून करंट वाहतोच, म्हणून तो कायम गरम. आणि तोच डीसी ट्रान्सफॉर्मरमधूनही जातो म्हणून त्याच्या कोअरमधे मुद्दाम फट ठेवावी लागते, नाहीतर कोअर आधीच भरून बसेल आणि सिग्नलला जागाच उरणार नाही. हे सगळं मी किती जणांना किती प्रेमाने समजावून सांगितलंय. पण फट मी ठेवलेली नाही. ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळलेला नाही, तयार आणलाय, इनपुटचाही आणि आउटपुटचाही.

बरं, मग ५०० सिरीजमधे, म्हणजे छोटी मॉड्यूल शेजारी शेजारी सरकवायच्या रॅकमधे, बसवलं ते तरी? तेही एपीआय नावाच्या दुसऱ्या कंपनीचं. दीड इंच रुंदीचं पॅनल, मागे पंधरा पिनांचा कनेक्टर, प्लस मायनस सोळा व्होल्ट, सगळं आधीच ठरलेलं. सोळामधून चोवीस कसे काढायचे यावर मी दोन आठवडे घालवले आणि मग एका रात्री लख्ख कळलं की प्लस आणि मायनस या दोन रेलच्या मधे बत्तीस आहेत की, त्यातूनच चोवीस काढायचे, सर्किटचं शून्य उणे सोळावर बसवायचं, दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर आहेत, आतलं बाहेरच्याला थेट जोडलेलंच नाही, म्हणजे बाहेरच्यांना काय फरक पडतोय. किती नाचले होते मी त्या रात्री. नंतर बघितलं तर ही युक्ती आधीच कितीतरी जणांनी वापरलेली. आणि मी तर ती करतानाही सवयीने इनपुट ट्रान्सफॉर्मरचा म्यू-मेटलचा (बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणारा) डबा सर्किटच्या शून्याला जोडून ठेवला होता, म्हणजे डब्यावर उणे सोळा, मॉड्यूल आत सरकवलं, डबा बाजूच्या पत्र्याला टेकला आणि रॅकचा निगेटिव्हचा दिवा गपकन विझला. काही जळलं नाही. पण त्या दिव्याकडे बघत मी बराच वेळ तशीच उभी होते. बाबांचं मीटर बाहेर काढलं ते तेव्हाच, काटेवालं. ते आज नको.

आणि या जुन्या यंत्रांच्या आवाजातल्या ज्या ऊबेच्या मागे आपण सगळे लागलोय ती तरी काय आहे? मी मोजली की. एक किलोहर्ट्झला काहीच दिसत नाही, खाली ५० हर्ट्झला येऊन लेव्हल जोरात दिली की तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट फ्रीक्वेन्सीचा जास्तीचा सूर, डोकं वर काढतो, कारण कोअर त्याच्या मर्यादेला येतो. त्या लोकांना हे नकोच होतं. ते बिचारे डिस्टॉर्शन कमी करायच्या मागे होते, ट्रान्सफॉर्मर वापरला कारण बारीक सिग्नल कमी नॉइजमधे आत घ्यायचा आणि दोन यंत्रांचे ग्राउंड वेगळे ठेवायचे तर तेव्हा तोच सरळ रस्ता होता. ते जे झटकत होते ते आपण पन्नास वर्षांनी वेचतोय आणि वर त्यांच्याच अक्षरांचं वळणही गिरवतोय. म्हणजे नक्कल पण नीट नाही, त्यांच्यासारखं करायचं तर त्यांच्यासारखं नवीन करायला हवं होतं... जाऊ दे, रात्री दीडला असले विचार खूप खरे वाटतात.

वजा. परत वजा. दादाने बटणाबद्दल विचारलं असतं, रंगाबद्दल, काहीही, तर चाललं असतं.

मग मी झाकण काढलं. काही करायचं नव्हतं, उगाच. आणि आत ते तिघे ट्रान्झिस्टर दिसले, पाय एकमेकांवर टाकून उभे, बारीक नळ्या घातलेले. मला इतकं हसू आलं. बीसी१८४ आणि बीसी१८४एल, नावात एका एलचा फरक, पण पायांचा क्रम वेगळा, पहिल्यात बेस मधे, दुसऱ्यात मधे कलेक्टर. बोर्ड मी पहिल्याचा काढला आणि आणले दुसरे. बोर्ड परत कोण करणार, म्हणून पाय वाकवून, नळ्या घालून बसवून टाकले. हे जगातल्या कुठल्याही १०७३ मधे नसणार, आणि नसावंच.

आणि बटणामागचा पायऱ्यांचा स्विच. तोही माझाच पराक्रम, घाईत असा घेतला की पुढचा संपर्क जुळायच्या आधी मागचा सुटतो. म्हणजे दोन पायऱ्यांच्या मधे क्षणभर फीडबॅकची, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) आवरून धरणारी वाट तुटायची, गेन आभाळात, आणि हेडफोनमधे धाड. पहिल्यांदा झालं तेव्हा मी हेडफोन फेकलाच. बदलायला पाहिजे होता, बदलला नाही, उलट एक मोठा रेझिस्टर कायमचा समांतर टाकला म्हणजे वाट कधी पूर्ण तुटणारच नाही. पण मग सगळ्या पायऱ्यांची गणितं बदलली, परत करावी लागली, चार रविवार गेले त्यात. ती यादी अजून भिंतीवर आहे, खाडाखोडीसकट. पाचाची पायरी कुठे चार पूर्णांक आठ येते, कुठे पाच पूर्णांक एक. ते आकडे कुठल्याच सर्किटमधे सापडणार नाहीत कारण तो गाढवपणा दुसऱ्या कोणी केलेला नाही.

म्हणजे गोळाबेरीज काय, तर जिथे मी नीट वागले ते सगळं त्यांचं आणि जिथे माती खाल्ली तेवढं माझं. ठीके. तेवढं तर तेवढं. दादाला हे सांगितलं तर तो परत अच्छा म्हणेल आणि या वेळी मला चालेल बहुतेक.

पहाटे पॅनलची फाइल उघडली, वजा काढायला बसले. एकेक खूण निवडायची आणि उडवायची. वीस, पंचवीस, तीस, नुसते उघडे आकडे, कसेतरीच दिसत होते, नुकतेच केस कापल्यासारखे. नावाच्या जागी काही लिहिलं नाही, अजून सुचत नाहीये. सकाळी पॅनल करणाऱ्यांना पाठवून दिली आणि झोपले.

आत्ता परत उघडून बघितली. पासष्टच्या मागे वजा तसंच राहिलंय. सगळ्या पॅनलवर तेवढं एकच.

फोन करून थांबवता येईल, अजून कापायला घेतलं नसेल. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला.