जुनोची देवमासे-फेरी: क्रूझवरून उतरणाऱ्यांसाठी

अलास्काच्या क्रूझमध्ये देवमासे पाहायचे असतील तर जुनोचा थांबा सर्वांत भरवशाचा. हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाईजवळच्या उबदार पाण्यात असतात. तिथे पिल्ले होतात, पण खाणे जवळपास नसते. वर्षाची भूक ते उन्हाळ्यात इथल्या हेरिंग माशांवर आणि क्रिल या कोळंबीसारख्या बारीक जीवांवर भागवतात. म्हणून इथला देवमासा चरण्यात गुंतलेला असतो: उड्या कमी, बुड्या जास्त. पाण्याबाहेर झेपावणारा देवमासा पोस्टरवर असतो, फेरीत तो दिसला तर नशीब.

बोटी क्रूझच्या धक्क्यावरून सुटत नाहीत. बस सुमारे २० किलोमीटरवरच्या ऑक बे या बंदरावर नेते, अर्धा तास धरा. पाण्यावरचे दोन-अडीच तास आणि जाणे-येणे मिळून साडेतीन ते चार तास जातात. जहाजाकडूनच फेरी घेतली असेल आणि ती लांबली, तर जहाज थांबते. बाहेरून स्वस्तात घेतली तर थांबत नाही. जहाजावर परतण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते. बाहेरची फेरी त्याच्याही किमान दीड तास आधी धक्क्यावर परत आणणारी हवी. जुनोतून बाहेर जाणारा रस्ताच नाही, त्यामुळे जहाज चुकले की पुढचे बंदर बहुधा विमानाने गाठावे लागते. घड्याळही तपासा: जुनोची वेळ सिॲटल आणि व्हँकुव्हरच्या एक तास मागे आहे. मोबाइल काहीही दाखवो, जहाजाने जाहीर केलेली वेळ खरी.

भरती-ओहोटीचा विचार फारसे कोणी करत नाही, आणि घरातली वयस्कर मंडळी तिथेच अडतात. इथे पाणी काही दिवशी पाच-सहा मीटर चढते-उतरते. बोटी तरंगत्या धक्क्याला लागतात; ओहोटीला तो धक्का खाली जातो आणि त्याच्यावर उतरणारा लोखंडी पूल चांगलाच उभा होतो, पावसात निसरडाही. गुडघे दुखणारे किंवा व्हीलचेअरवरचे कोणी सोबत असेल तर जुनोचे भरतीचे वेळापत्रक पाहून भरतीच्या आसपासची फेरी घ्या.

बोटीत खिडकीच्या जागेसाठी धावपळ नको. देवमासा कोणत्या बाजूला वर येईल ते कोणालाच ठाऊक नसते. मागच्या उघड्या डेकचे दार जवळ असलेली जागा उत्तम. गाइड दिशा घड्याळाप्रमाणे सांगतो: बोटीचे नाक १२, उजवा हात ३, डावा ९.

आधी दिसतो तो फवारा. देवमासा काही वेळा उथळ वर येऊन श्वास घेतो, मग पाठीची उंच कमान करतो. ही कमान दिसली की कॅमेरा डोळ्याला लावा, कारण लगेच शेपूट वर येते आणि तो खोल जातो. पुढची पाच-सात मिनिटे शांतता. या वेळात बरेचजण कंटाळून आत जातात आणि पुढचा फवारा हुकवतात. समुद्रपक्षी पाण्यावर एका जागी गोळा होऊ लागले तर तिकडे लक्ष ठेवा. कधी अनेक देवमासे मिळून बुडबुड्यांचे कडे करून हेरिंग कोंडतात आणि तोंडे उघडी टाकून एकदम वर उसळतात. हे दृश्य कोणी हमखास दाखवतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

बोटीने हंपबॅकपासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर, दूर राहायचे असा अलास्कात कायदा आहे. त्याच्या वाटेत आडवे थांबणेही चालत नाही. कॅप्टनला ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका. देवमासा आपणहून जवळ आला तर गोष्ट वेगळी. वाटेत बोयांवर (पाण्यातल्या तरंगत्या खुणांवर) पहुडलेले स्टेलर समुद्रसिंह, सील आणि पांढऱ्या डोक्याचे गरुड दिसतात. ऑर्का (किलर व्हेल) मात्र बेभरवशाचे.

दुर्बीण ७ किंवा ८ पटीची पुरे. हलत्या बोटीवर १२ पटीची नुसती थरथरते. कॅमेऱ्याला २०० ते ३०० मिमी लेन्स आणि १/१००० सेकंद शटर ठेवा. कोपर कठड्यावर टेकवू नका, इंजिनाची थरथर फोटोत उतरते. पाऊस कधीही येतो, तेव्हा छत्रीऐवजी टोपीचे वॉटरप्रूफ जाकीट, आत लोकरीचा थर आणि लेन्स पुसायला कोरडी फडकी घ्या. बेटांच्या आडोशाने पाणी बहुधा शांत असते. तरी बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक देवमाशाची वेगळी असते. तिचा स्पष्ट फोटो मिळाला तर तारीख आणि जागेसह हॅपीव्हेल या संकेतस्थळावर टाका. तो देवमासा आधी नोंदलेला असेल तर याआधी कुठे दिसला होता तेही कळते.