टाळ्या नको, स्तोत्र म्हणा

आज चर्चमध्ये उपासनेनंतर साक्षी (देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं) चालू होत्या, तेव्हा मंडळीतल्या एका मावशींचं नाव घेतलं, अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना त्या कितीतरी दिवस डबा पोचवतायत, सगळे टाळ्या वाजवायला लागले तर मावशींनी डोक्यावरचा पदर सावरला, हात वर केला नि म्हणाल्या, "टाळ्या नको रे बाळांनो, स्तोत्र म्हणा." झालं, पेटी सुरू!

मला एकदम बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा 3रा अध्याय आठवला. मंदिराच्या दरवाजाशी भीक मागणारा पांगळा उड्या मारत चालायला लागला, लोक डोळे फाडून त्याला उठवणाऱ्या येशूच्या शिष्यांकडे, पेत्र-योहानाकडे बघतायत, आणि पेत्र म्हणतो आमच्याकडे काय बघता, हे आमच्या शक्तीने की भक्तीने झालेलं नाही. नाव कमवायचा केवढा मोठा चान्स होता तो!

आपल्या पंडिता रमाबाई पण तशाच. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली बाई, पण पुढचं आयुष्य केडगावला, मुक्ती मिशनमध्ये, दुष्काळात होरपळलेल्या मुलींना सांभाळण्यात आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल तयार करण्यात घालवलं.

प्रभू, माझ्या हातून जे काही चांगलं होईल त्यात लोकांना तूच दिसू दे 🙏